गुडघ्याच्या झिजेवर इमेजिंगमध्ये पीएचडी: आधी मोजमाप पक्कं करा, मग तंत्राचं नाव

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एमटेक इलेक्ट्रॉनिक्समध्ये, पीएचडीची नोंदणी छत्रपती संभाजीनगरला. गाईडनी विषय दिलाय ‘सांधेविकारांच्या निदानासाठी नवीन इमेजिंग तंत्रं’. एका खासगी सेंटरचं दीड टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) एमआरआय रात्री मिळू शकतं, सरकारी रुग्णालयातले एक्स-रे मिळतील. टी-२ मॅपिंग, टी-१-रो, ड्युअल एनर्जी सीटी आणि एआय यातलं काय धरायचं?

आधी काय सोडायचं ते बघू. ड्युअल एनर्जी सीटी, म्हणजे दोन वेगळ्या ऊर्जांच्या एक्स-रेनी केलेली सीटी, मुख्यतः गाऊटसाठी आहे. ती युरेटचे खडे दाखवते, गुडघ्याच्या झिजेत तिचा फारसा उपयोग नाही. सोडियम एमआरआयला वेगळी कॉइल आणि शक्यतो ७ टेस्ला लागतं, ते डोक्यातून काढा. डीजेमरिक या एमआरआय तंत्रात गॅडोलिनियम या कॉन्ट्रास्ट औषधाचा दुप्पट डोस देऊन दीड तासाच्या आसपास थांबावं लागतं. त्यासाठी वापरत असलेल्या लिनियर प्रकारच्या गॅडोलिनियमवर २०१७ मध्ये युरोपात निर्बंध आले, त्यामुळे इथली एथिक्स कमिटीही सहज हो म्हणणार नाही. टी-१-रो हे एमआरआयचंच दुसरं मोजमाप चांगलं आहे, पण त्याचा सिक्वेन्स, म्हणजे स्कॅनचा प्रोग्राम, रोजच्या मशीनवर नसतो आणि कंपनीशी रिसर्च करार केल्याशिवाय सहसा मिळत नाही. त्या करारातच वर्ष जातं.

उरतं टी-२ मॅपिंग. टी-२ म्हणजे एमआरआयचा सिग्नल विरायला लागणारा वेळ, मॅपिंग म्हणजे तो पिक्सेलगणिक मोजणं. सेंटरच्या मशीनवर कार्टिग्राम किंवा मॅपइट अशा नावाचं पॅकेज आहे का विचारा. नसलं तरी मल्टी-एको स्पिन-एको सिक्वेन्स (एकामागून एक अनेक सिग्नल, म्हणजे एको, टिपणारा) बहुतेक ठिकाणी असतो, आणि त्या एकोंवर वक्र बसवून टी-२ काढणं, म्हणजे फिटिंग, पायथनमध्ये स्वतः करता येतं. कूर्चेतल्या (हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तरातल्या) कोलॅजनची वीण सैल झाली, पाणी वाढलं की टी-२ वाढतो. हा बदल एक्स-रेवर दोन हाडांमधली फट कमी दिसण्याच्या आधी येतो, म्हणून विषयाला वजन आहे.

आता बहुतेकांचं गाडं अडतं ती जागा. कूर्चा जेमतेम २ ते ४ मिलिमीटर जाड, तुमचा पिक्सेल ०.३ ते ०.५ मिलिमीटरचा. म्हणजे जाडीत साधारण सहा-आठ पिक्सेल, त्यातही कडेच्या पिक्सेलमध्ये सांध्यातलं पाणी किंवा हाड मिसळतं. पाण्याचा टी-२ खूप जास्त, त्यामुळे सूज असलेल्या गुडघ्यात कूर्चा खराब नसतानाही आकडा फुगतो. रेषा कडेपासून एक पिक्सेल आतून आखा आणि हा नियम प्रबंधात लिहून ठेवा. फिटिंगमधून पहिला एको वगळा, कारण स्टिम्युलेटेड एकोंमुळे (मध्येच मिसळणाऱ्या आगंतुक सिग्नलमुळे) तो बाकीच्यांशी जुळत नाही. शेवटचे एको गोंगाटात बुडालेले असतील तर साधं एक्स्पोनेन्शिअल फिट टी-२ जास्त दाखवतं. गोंगाटाची पातळी मोजून ती फिटमध्ये धरा.

मॅजिक अँगल विसरू नका. कोलॅजनचे तंतू मुख्य चुंबकीय क्षेत्राशी ५४.७ अंशांच्या जवळ आले की टी-२ आपोआप वाढतो. मांडीच्या हाडाचा गोल भाग वळत जातो, त्यामुळे त्याचा काही पट्टा नेहमीच ‘आजारी’ दिसतो. तुलना नेहमी त्याच पट्ट्याची त्याच पट्ट्याशी करा, गुडघा दर वेळी त्याच फोमच्या साच्यात ठेवा. पेशंट बसस्टँडवरून चालत आला असेल तर स्कॅनआधी अर्धा तास बसवा, कारण भार पडल्यावर कूर्चेतलं पाणी दबतं आणि टी-२ कमी येतो. आणि ३ टेस्लावरच्या पेपरमधले आकडे घेऊन तुमच्या दीड टेस्लाचे बरोबर-चूक ठरवू नका, क्षेत्र बदललं की आकडा बदलतो.

पहिले सहा महिने पेशंट घेऊच नका. दहा-पंधरा निरोगी स्वयंसेवक घ्या. प्रत्येकाला स्कॅन करा, टेबलावरून पूर्ण उतरवा, पुन्हा बसवून स्कॅन करा. आरएमएस सीव्ही, म्हणजे त्याच माणसाच्या दोन स्कॅनमध्ये सरासरीच्या किती टक्के फरक पडतो, ती काढा. समजा ती ५ टक्के निघाली आणि दोन गटांतला फरक तुम्हाला ४ टक्क्यांचा अपेक्षित आहे, तर एकेका पेशंटचं निदान या आकड्यावर करता येणार नाही, हे तेव्हाच कळतं. नाहीतर व्हायव्हाला कळतं. दर महिन्याला फँटम, म्हणजे टी-२ माहीत असलेला कृत्रिम नमुना, स्कॅन करा. सेंटरवाले मधेच सॉफ्टवेअर अपग्रेड करतात आणि कोणाला सांगत नाहीत. फँटमचं तापमानही नोंदवा, कारण टी-२ त्यावर अवलंबून असतो. आपल्याकडे मे महिन्यात गाडीतून आणलेला फँटम आणि एसीत रात्रभर ठेवलेला फँटम एकच आकडा देत नाहीत.

एआयबद्दल. अमेरिकेतल्या ऑस्टिओआर्थ्रायटिस इनिशिएटिव्ह या गुडघ्याच्या झिजेच्या अभ्यासाचा डेटा करार भरून मिळतो: ४,७९६ माणसं, वय ४५ ते ७९, एक्स-रे आणि ३ टेस्लाचं एमआरआय. केएल ग्रेड, म्हणजे एक्स-रेवरून झिजेला ० ते ४ ग्रेड देण्याची १९५७ ची केलग्रेन-लॉरेन्स पद्धत, त्यात दिलेली आहे. मॉडेल शिकवणं सोपं, पण ते आपल्या एक्स-रेवर आपटतं. तिकडचे फोटो उभ्याने, गुडघा २० ते ३० अंश वाकवून, किरण पायाकडे १० अंश कलवून ठरावीक चौकटीत काढलेले. आपल्याकडे बरेचदा पेशंट झोपलेला आणि गुडघा सरळ. झोपून घेतलेल्या फोटोत फट मोठी दिसते, मॉडेल ग्रेड कमी सांगतं. जुने फोटो गोळा करण्यापेक्षा टेक्निशियनशी बोलून लाकडी चौकट बनवा आणि नवे घ्या. गुडघ्याच्या पातळीला २५ मिलिमीटरचा धातूचा गोळा ठेवा, नाहीतर मॅग्निफिकेशनमुळे फट मिलिमीटरमध्ये मोजता येत नाही. फाइल डायकॉममध्येच (वैद्यकीय चित्रांच्या मूळ फॉरमॅटमध्ये) घ्या. व्हॉट्सॲपवरून आलेला जेपीजी चालत नाही.

डेटा वाटताना पेशंटनिहाय वाटा. एकाचा डावा गुडघा ट्रेनिंगमध्ये आणि उजवा टेस्टिंगमध्ये गेला की अचूकता छान दिसते आणि ती खोटी असते. फोटोवरचा डावा-उजवा खूण-अक्षर आणि रुग्णालयाचं नाव झाका, मॉडेल त्यावरून ग्रेड ओळखायला शिकतं.

मराठवाड्याच्या दोन गोष्टी त्या अमेरिकी डेटात सापडणार नाहीत. नांदेड, बीडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. फ्लोरोसिसमध्ये हाड दाट दिसतं, अस्थिबंधांवर कॅल्शियम चढतं, कडांना काटे येतात, आणि एआय त्याला झीज म्हणतं. पाण्याचा स्रोत विचारा, शंका आली तर पुढच्या हाताचा एक एक्स-रे घ्या. तिथे दोन हाडांमधल्या पडद्यावरचं कॅल्शियम दिसलं की वेगळा गट करा. दुसरं, आपली माणसं उकिडवी आणि मांडी घालून बसतात, त्यामुळे वाटीच्या सांध्यावर भार येतो. तो समोरच्या फोटोत दिसत नाही, स्कायलाइन व्ह्यू, म्हणजे गुडघा वाकवून फक्त वाटीच्या सांध्याचा फोटो, घेतलाच पाहिजे.

फॉलो-अपचं वेळापत्रक ऊसतोडीकडे बघून लावा. दसरा-दिवाळीला टोळ्या निघाल्या की गुढीपाडव्याच्या आसपासच परततात. बेसलाइन, म्हणजे पहिला स्कॅन, पावसाळ्यात, पुढचा स्कॅन पुढच्या पावसाळ्यात.

सोनोग्राफी जोडायची असेल तर गर्भलिंगनिदान रोखणारा पीसीपीएनडीटी कायदा आडवा येतो. मशीन नोंदणीच्या जागेवरच, पात्र डॉक्टरच्याच हातात. पोर्टेबल मशीन घेऊन गावात शिबिर, हा विचार सोडा.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत किमान ३ आणि साधारण कमाल ६ वर्षं आहेत, म्हणून रेडिओलॉजी किंवा अस्थिरोगाचा को-गाईड पहिल्याच वर्षी मिळवा. एथिक्स कमिटीचा अर्ज त्यांच्या संस्थेतून जाईल. सिनॉप्सिसचं (संशोधनाच्या आराखड्याचं) नाव असं ठेवा: ‘दीड टेस्ला एमआरआयवर गुडघ्याच्या कूर्चेच्या टी-२ मापनाची पुनरावृत्तीक्षमता आणि केएल ग्रेड ० ते २ मधील उपयोग’. एक्स-रेचं एआय त्यात एक प्रकरण म्हणून बसतं. त्या नावातले ग्रेड मात्र दोन रेडिओलॉजिस्टकडून, एकमेकांचं न बघता, ठरवून घ्या आणि वेटेड कप्पा, म्हणजे दोघांचं किती जुळतं त्याचा आकडा, द्या, कारण ग्रेड १ वर दोघांचं सगळ्यात कमी जुळतं.