थांब्यावर उभ्या माणसाचा वेळ

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र दोनदा वाचले. मुंबईच्या बस उपक्रमाच्या नियोजन विभागात लागून तुला वर्षही झालेले नाही आणि आपण चुकीच्या ठिकाणी आलो की काय, अशी शंका तुला येऊ लागली आहे. मेट्रोच्या मार्गिका एकामागून एक सुरू होत आहेत, तुझ्या बरोबरीची मुले तिकडे किंवा सल्लागार कंपन्यांत चालली आहेत, आणि तुझा दिवस मात्र इलेक्ट्रिक बस, नवे ॲप आणि नियंत्रण कक्षातल्या पडद्यावरचे आलेख यांची सादरीकरणे तयार करण्यात जातो. ‘सगळीकडे आधुनिकीकरण चालले आहे, पण माणसे बस का सोडत आहेत हे कोणी विचारत नाही,’ हे तुझ्या पत्रातले वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. बाकीच्या निराशेकडे मी सध्या लक्ष देत नाही. शहराला बस का हवी, हे तुला समजावून सांगण्याची गरज नाही. ते पटले नसते तर तू या नोकरीत आलीच नसतीस.

मी तुला एकच गोष्ट सांगणार आहे आणि तू कंटाळशील इतक्या वेळा सांगणार आहे. थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला किती वेळ वाट पाहावी लागते, ते मोज.

आपले रोजचे अहवाल काय सांगतात ते आठव. किती बस आगाराबाहेर पडल्या, किती किलोमीटर धावल्या, किती फेऱ्या रद्द झाल्या, किती उत्पन्न आले. हे सगळे बसचे हिशेब आहेत; यात प्रवासी कोठेच नाही. एखाद्या मार्गावर तासाला सहा बस आहेत असे समज. त्या दहा-दहा मिनिटांनी आल्या, तर केव्हाही थांब्यावर येणाऱ्या माणसाला सरासरी पाच मिनिटे थांबावे लागते. त्याच सहा बस जोडीजोडीने, वीस-वीस मिनिटांनी आल्या, तर त्याला सरासरी दहा मिनिटे थांबावे लागते. बस तेवढ्याच, वीज तेवढीच, पगार तेवढेच आणि अहवालातला प्रत्येक आकडाही तोच. फक्त प्रवाशाची वाट दुप्पट झालेली असते. त्यातही पुढची बस दारापर्यंत खच्चून भरलेली आणि मागची अर्धी रिकामी, म्हणजे ज्याला बस मिळाली त्यालाही ती धड मिळालेली नसते.

कुर्ला स्थानकाच्या पश्चिमेला सकाळी नऊच्या सुमारास जाऊन उभी राहा. लोकलमधून उतरलेले लोक वांद्रे-कुर्ला संकुलाकडे जाण्यासाठी ३१० क्रमांकाच्या बसची रांग धरतात. रांग सरकेनाशी झाली की मागची माणसे आधी मान उंच करून बस येण्याच्या दिशेला पाहतात, मग मनगटावरचे घड्याळ पाहतात, मग शेजारच्याशी दोन शब्द बोलतात आणि एकेक करून शेअर रिक्षाकडे वळतात. माणसाने रांग सोडली त्या क्षणी आपण प्रवासी गमावतो आणि त्याची नोंद कोठेही होत नाही, कारण तिकीट न काढलेल्या माणसाचा रकाना आपल्या कोणत्याच तक्त्यात नाही. वर्षाच्या शेवटी मात्र ‘प्रवासीसंख्येत घट’ असा एक आकडा छापून येतो आणि त्याचे खापर मोटारसायकलींवर, मेट्रोवर किंवा लोकांच्या बदललेल्या सवयींवर फुटते. तुझ्या प्रश्नाचे उत्तर त्या रांगेत आहे.

तू इलेक्ट्रिक बसविषयी उत्साहाने लिहिले आहेस आणि मीही त्या बसच्या बाजूचा आहे. धूर नाही, आवाज नाही, पायरी खाली असल्यामुळे म्हाताऱ्या माणसाला चढता येते. या गोष्टी लहान नाहीत. परंतु नवे वाहन आले म्हणजे आधुनिकीकरण झाले, हा समज मुंबईत फार जुना आहे. येथे १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम आली, १९०७ मध्ये विजेची आली, १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली मोटारबस धावली आणि १९३७ मध्ये दुमजली बस आली. १९६२ मध्ये मोठ्या अपेक्षेने आणलेली, वरच्या तारांतून वीज घेणारी ट्रॉलीबस १९७१ मध्ये गेली, जांभळ्या वातानुकूलित बस २०१७ मध्ये बंद झाल्या, आणि डिझेलवरची शेवटची दुमजली बस सप्टेंबर २०२३ मध्ये लोकांनी हार घालून निरोप देऊन पाठवली. दर वेळी चर्चा वाहनाची झाली. ते वाहन किती मिनिटांनी येणार, ही चर्चा मागे पडली. इलेक्ट्रिक बसच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच टोकदार आहे, कारण दुपारी चार्जिंगसाठी बस आगारात परत न्यावी लागली की रिकामे किलोमीटर वाढतात आणि त्या वेळात मार्गावर भोक पडते. चार्जरची संख्या, आगाराचे मार्गापासूनचे अंतर आणि दुपारचे वेळापत्रक या तीन गोष्टी एकाच कागदावर मांडल्याशिवाय इलेक्ट्रिक बसचे कोणतेही सादरीकरण पुढे पाठवू नकोस.

आता ज्या विषयावर माझा संयम सुटतो त्याकडे येतो. भाडेतत्त्वावरच्या बस वाईट, स्वतःच्या बस चांगल्या, किंवा त्याच्या अगदी उलट, असा वाद तुझ्या कार्यालयात रोज होत असेल. मुंबईत दहा-बारा वर्षांपूर्वी ४,०००हून अधिक बस होत्या. आज त्या ३,०००च्या आत आल्या आहेत आणि त्यांतल्याही बहुसंख्य कंत्राटदारांच्या आहेत. उपक्रमाच्याच वीजपुरवठ्याच्या नफ्यातून वाहतुकीची तूट भरून काढण्याचा जुना मार्ग आटला, तेव्हा बस विकत घेण्यापेक्षा प्रतिकिलोमीटर दराने चालवायला घेणे सोपे वाटले. मला मालकीपेक्षा त्या कराराची अधिक चिंता वाटते. किलोमीटरला पैसे दिले की कंत्राटदार किलोमीटर पुरवतो. दोन बस एकामागे एक चिकटून धावल्या तरी किलोमीटर पुरे होतातच.

लंडनमध्येही १९८०च्या दशकापासून बसमार्ग निविदा काढून खासगी कंपन्यांना दिले जातात. तेथे मार्ग, वेळापत्रक आणि भाडे सार्वजनिक संस्था ठरवते. २००१ पासूनच्या करारांत मात्र एक महत्त्वाची भर पडली. वारंवार बस असलेल्या मार्गांवर, वेळापत्रकाप्रमाणे सरासरी जेवढे थांबावे लागले असते त्यापेक्षा प्रत्यक्षात किती अधिक थांबावे लागले, हे मोजले जाते; ते कमी झाले तर कंपनीला बोनस मिळतो आणि वाढले तर पैसे कापले जातात. त्यामुळे तेथील कंपनीच्या व्यवस्थापकाला दोन बसमधले अंतर राखण्यात स्वतःचा फायदा दिसू लागला. आपल्याकडे प्रत्येक बसवर जीपीएस आहे, म्हणजे मोजण्याचे साधन हातात आहे. नसेल तर फक्त करारातले ते एक कलम. पुढची निविदा निघेल तेव्हा तुझ्या हातून दुसरे काही झाले नाही तरी चालेल, पण ते कलम मसुद्यात गेले पाहिजे.

माझी सारी नोकरी दुसऱ्या शहराच्या बससेवेत झाली, पण तेथेही हेच होते. एका वर्षी उत्पन्न कमी असलेल्या फेऱ्या काढून टाकण्याचा प्रस्ताव आला आणि त्याला ‘सुसूत्रीकरण’ असे नाव होते. त्यात एका वस्तीकडे जाणाऱ्या मार्गावरची बस पंधरा मिनिटांऐवजी पंचवीस मिनिटांनी येणार होती. मी सही केली नाही. मला हेकट म्हटले गेले, माझी बदली झाली आणि प्रस्ताव माझ्याविना मंजूर झाला. त्यानंतर त्या मार्गावरचे प्रवासी आणखी घटले आणि त्या घटीचा दाखला देऊन उरलेल्या फेऱ्याही काढल्या गेल्या. मी तेव्हा आडमुठेपणा केला असे माझे जुने सहकारी आजही म्हणतात. मला ते मान्य नाही. वाट पाहण्याचा वेळ वाढवायचा आणि मग प्रवासी आले नाहीत म्हणून सेवा कमी करायची, ही पद्धत हिशेबाला धरून नाही; ती चुकीची आहे हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो. खंत मला वेगळ्याच गोष्टीची आहे. माझ्याकडे त्या मार्गावरच्या प्रतीक्षेच्या नोंदी होत्या, परंतु त्या नोंदींना अधिकृत अहवालात जागा मिळवून देण्याइतके बळ माझ्यापाशी नव्हते. तुझ्या पिढीला ते शक्य आहे, म्हणून तुझ्यामागे लागलो आहे.

रस्त्याविषयीही थोडे लिहितो, कारण बस वाढवा असे सगळेच म्हणतात आणि वेगाकडे कोणी पाहत नाही. एका मार्गाची जाऊन-येऊन फेरी, शेवटच्या थांब्यावरच्या विसाव्यासह, १२० मिनिटांची असेल तर दहा मिनिटांनी बस देण्यासाठी १२ बस लागतात. कोंडीमुळे तीच फेरी १५० मिनिटांची झाली, तर तेवढीच सेवा देण्यासाठी १५ बस लागतात. तीन बस आणि त्यांचे चालक निव्वळ कोंडीने गिळले. म्हणून बससाठी वेगळी मार्गिका मागणे म्हणजे फुकट बस मागणे आहे. पुण्यात २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर हा प्रयोग सुरू झाला, दिल्लीत २००८ मध्ये सुरू झालेला मार्ग २०१६ मध्ये उखडला गेला, आणि त्यावरून ‘आपल्याकडे हे चालत नाही’ असा निष्कर्ष काढून लोक मोकळे झाले. अहमदाबादेत २००९ पासून ते चालले आहे. मोटारीत बसलेल्या माणसाचा आवाज मोठा असतो, थांब्यावरच्या माणसाचा नसतो. तुझ्या तक्त्यातून तो ऐकू आला पाहिजे. पूर्ण रस्ता मिळत नसेल तर निदान चौकाअलीकडचे दोनशे मीटर माग. बसचा वेळ बहुतेक तेथेच जातो.

भाड्याबद्दल माझे मत तुला कदाचित रुचणार नाही. जुलै २०१९ मध्ये मुंबईत किमान भाडे पाच रुपये झाले, प्रवासी लक्षणीय वाढले आणि स्वस्त भाडे हाच उपाय आहे असे अनेकांना वाटले. मे २०२५ मध्ये ते दहा रुपये आणि वातानुकूलित बसचे बारा रुपये झाले, तेव्हा भाडेवाढ हेच संकट आहे असे वाटले. गरिबाला पाच रुपयांचा फरक पडतो, हे मी नाकारत नाही. पण पाच रुपये घेऊनही बस तीस मिनिटांनी येत असेल, तर ज्याला हजेरी लावायची आहे तो रिक्षाला जास्त पैसे देतो आणि त्याला ते परवडत नसतात. भाडे आणि वाट हे दोन्ही तो एकाच खिशातून भरतो. सेऊलने २००४ मध्ये रस्त्याच्या मधोमध बसमार्गिका, नवी मार्गरचना आणि बस-मेट्रोसाठी एकूण अंतरावर आधारित एकच भाडे अशा सगळ्या सुधारणा एकदम केल्या. पहिल्या दिवशी तेथे मोठा गोंधळ झाला आणि तरीही ते मागे फिरले नाहीत. एका ॲपवर अनेक वाहनांची तिकिटे निघणे निराळे आणि बस बदलली म्हणून जादा भाडे न पडणे निराळे. तुझ्या सादरीकरणात या दोन गोष्टींची सरमिसळ झालेली मला दिसली.

राहता राहिली मेट्रो. तिकडे जायचे असेल तर अवश्य जा, ते वाईट काम नाही. पण मेट्रोने वाचवलेली वीस मिनिटे स्थानकाबाहेर बसची वाट पाहण्यात गेली, तर त्या प्रवाशाच्या दृष्टीने मेट्रो झालीच नाही. आरेपासून कफ परेडपर्यंतची भुयारी मार्गिका २०२५ मध्ये पूर्ण झाली. आता प्रत्येक स्थानकातून बाहेर पडणाऱ्या माणसाला घरापर्यंतची बस किती मिनिटांत मिळते, हा प्रश्न कोण सोडवणार? मेट्रोचे अभियंते नाहीत. तो तुझ्या टेबलावरचा प्रश्न आहे, म्हणून मेट्रो आल्यामुळे आपले काम संपले हे वाक्य मला पुन्हा लिहू नकोस.

आता काय करायचे ते सांगतो. एकच मार्ग निवड, फार लांबीचा नको. त्याच्या सुरुवातीचा, मधला आणि शेवटाजवळचा असे तीन थांबे घे आणि प्रत्येक बस आल्याची वेळ जीपीएसच्या नोंदींतून काढ. शिवाय दोन-तीन दिवस स्वतः वही घेऊन उभी राहा, कारण भरलेली बस थांब्यावर न थांबता पुढे गेली हे जीपीएस सांगत नाही. सकाळ, दुपार आणि रात्र यांची सरासरी एकत्र करू नकोस. सकाळी पंधरा मिनिटे थांबणे त्रासाचे असते. रात्री साडेदहाला पाळी संपवून निघालेल्या परिचारिकेसाठी तीच पंधरा मिनिटे भीतीची असतात, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळते. हा तक्ता साहेबांकडे नेण्याआधी चौकीवरच्या स्टार्टरला, म्हणजे बस सोडणाऱ्या माणसाला, दाखव. दोन बस जोडीने का येतात, कोणता चालक विसावा न मिळाल्यामुळे घाईने निघतो, कोणत्या सिग्नलला अंतर बिघडते, हे त्याला पाठ असते आणि त्याला कधी कोणी विचारलेले नसते. पुढची बस तीन मिनिटे रोखून धरली किंवा उशिराची बस मधूनच फिरवली तर काय होते, हे त्याच्याबरोबर आठवडाभर करून पाहा. रोखलेल्या बसमधले लोक चिडतील. तेवढे सहन कर.

आठवड्यानंतरच्या नोंदी मला पाठव, नीट टंकलेल्या नसल्या तरी चालतील. मधल्या थांब्याच्या नोंदी सर्वांत आधी पाठव, बिघाड बहुधा तेथे पहिल्यांदा दिसतो. नोकरी सोडण्याविषयी आपण त्या पाहिल्यानंतर बोलू.

तुझा,
काका