सप्टेंबरात बेसबॉल बघायला लागलात? आधी एवढंच बघा

स्वागत! मेजर लीगमध्ये (अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत) शिरायला याहून चांगला महिना नाही. 162 सामन्यांचा हंगाम संपत आलेला असतो आणि तिच्यातल्या दोन लीगपैकी प्रत्येकीतून सहाच संघ बाद फेरीत जातात: तीन गटविजेते, तीन वाइल्ड कार्ड (गट न जिंकलेल्यांतले सर्वोत्तम).

तक्त्यात आधी पराभवांचा रकाना बघा. संघांचे सामने सारखे झालेले नसतात. उरलेले सामने जिंकता येतात, झालेला पराभव पुसता येत नाही.

मग मॅजिक नंबर स्वतः काढा, म्हणजे पहिल्या संघाचं स्थान पक्कं व्हायला त्याचे विजय आणि दुसऱ्याचे पराभव मिळून अजून किती हवेत तो आकडा. 163 मधून पहिल्या संघाचे विजय आणि दुसऱ्याचे पराभव वजा करायचे. पहिला 88-64 (विजय-पराभव), दुसरा 84-68 असेल, तर 163-88-68, म्हणजे 7. आपण जिंकलो की एक कमी, ते हरले की एक कमी. म्हणून आपल्या संघाला सुट्टी असली तरी प्रतिस्पर्ध्याचा सामना लावाच, फार रंगत येते!

बरोबरी झाली तर 2022 पासून जादा सामना होत नाही, आधी आपापसातला हिशोब बघतात. त्या लढती चुकवू नका.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- एका पराभवाने खचणं. गट जिंकणारे संघही साठ-सत्तर सामने हरतात.
- वार चुकणं. न्यूयॉर्कचा शुक्रवारी संध्याकाळी 7 चा सामना भारतात शनिवारी पहाटे 4.30 ला असतो. लॉस एंजेलिसचा सकाळी 7.30 ला.
- सातव्या डावात उठून जाणं. बुलपेनचं (राखीव पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, थांबतात ती जागा) दार उघडून कोण धावत येतो, तिथेच बरेच सामने फिरतात.

ओपीएस, वॉर वगैरे खेळाडूंची कामगिरी मोजणारे आकडे पुढच्या हंगामात बघू.