राखलेल्या बियाण्याची मिरची एकसारखी का येत नाही?

प्रश्न : मागच्या हंगामातील हायब्रीड मिरचीचे बी राखून रोपे केली. आता काही झाडे उंच, काही बुटकी. काही मिरच्या लोंबत्या, काही वर तोंड केलेल्या. शेजारच्या वाफ्यातल्या ढोबळीचे बी लावले, त्यातली काही फळे तिखट निघाली. दुकानदार संजीवक (झाडाची वाढ, फुले-फळे यांवर परिणाम करणारे औषध) आणि टॉनिकचे दोन हात मारायला सांगतो. मारावेत का?

उत्तर : नाही. हा रोग नाही आणि खताची कमतरताही नाही, हा बियाण्याचा गुण आहे. हायब्रीडची, म्हणजे दोन वाणांच्या संकराची, पहिली पिढी एकसारखी दिसते. तिचे बी धरले की आईबापाचे गुण पुढच्या पिढीत फुटतात. एखादा गुण एकाच जनुकावर चालत असेल तर साधारण चार झाडांमागे एकात दबलेला गुण वर येतो. त्यावर औषध नाही. संजीवकाने जनुक बदलत नाही.

दुकानदाराचे ऐकून मात्रा वाढवू नका. संजीवके पीपीएमच्या (दहा लाख भागांत किती भाग) हिशोबाने वापरायची असतात आणि पंपात मात्र टोपणाने ओतली जातात. एनएए हे फूलगळ थांबवायला वापरतात ते संजीवक जास्त झाले तर फूल टिकण्याऐवजी गळते, पाने वाकडी होतात. मग त्या वाकड्या पानांना 'व्हायरस' म्हणत तिसरी बाटली हातात येते. असे प्लॉट मी बरेच पाहिले आहेत. फवारणीआधी एवढेच बघा : वेगळी झाडे प्लॉटभर विखुरलेली असतील तर दोष बियाण्याचा, एकाच पट्ट्यात असतील तर जमीन किंवा पाणी तपासा. पाने वर-खाली मुरडत असतील तर तो फुलकिडे, कोळी किंवा विषाणूचा वेगळा विषय आहे.

ढोबळीचे म्हणाल तर ढोबळी आणि तिखट मिरची एकाच प्रजातीची, त्यामुळे मधमाश्यांनी संकर होतो. तिखटपणा आतल्या पांढऱ्या गाभ्यात तयार होतो आणि तो गाभा मातेच्या झाडाचा असतो. म्हणून त्या वर्षीची ढोबळी गोडच राहते, तिखट उतरते ते पुढच्या पिढीत. तिखटपणाचा गुण वरचढ असतो.

बी राखायचेच असेल तर सरळ वाणाचे (ज्याचे गुण पुढच्या पिढीत तसेच उतरतात) राखा, हायब्रीडचे नको. दुसऱ्या मिरचीपासून किमान २०० मीटर अंतर ठेवा. जमत नसेल तर कळ्या उमलण्याआधी मलमलची पिशवी बांधा. उमललेल्या फुलावर बांधून उपयोग नाही. वेगळी दिसणारी झाडे फुलोऱ्याआधी उपटा, फळे लागल्यावर पुन्हा एक फेरी घ्या. फुलोऱ्यानंतर उपटलेल्या झाडाचा पराग तोवर प्लॉटभर गेलेला असतो. पुन्हा सांगतो, फुलोऱ्याआधी! बी एकाच दणकट झाडाचे घेऊ नका; प्लॉटच्या मधल्या भागातील ३०-४० निरोगी झाडांचे एकत्र करा. सगळ्या बियाण्याला एकाच झाडाचा वारसा असला की एका रोगात सगळा प्लॉट बसू शकतो.

विकतचे बी घेतले तर अनुदानासाठी प्रमाणित बियाण्याची पावती आणि पिशवीवरचा निळा टॅग जपून ठेवा. बाकी कृषी सहाय्यकाला (आताचे सहायक कृषी अधिकारी) विचारा.