राजीनामा मागताहेत, देऊ का?

प्रश्न : ताई, मी मूळचा बार्शीचा. हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत टेस्टिंगला लागून 14 महिने झाले. मार्चपासून बेंचवर आहे, म्हणजे पगार चालू, पण हाताला प्रोजेक्ट नाही. आमचं बरंचसं काम आता एआय टूलवर होतं. शुक्रवारी एचआरने बोलावलं. 'स्वतःहून राजीनामा दे, नाहीतर टर्मिनेट करू, मग कुठेच घेणार नाहीत,' म्हणाले. सोमवारपर्यंत मुदत आहे. घरी बोललेलो नाही. काय करू?

उत्तर : राजीनामा देऊ नकोस. सोमवारी तर नाहीच नाही. मी स्वतः बरीच वर्षं एचआरमध्ये काढलीत, त्यामुळे ही घाई कशाची असते ते जाणते. राजीनाम्याच्या मेलचा मसुदा तेच हातात ठेवतात. त्यात 'वैयक्तिक कारणास्तव' असं असतं. तू तो पाठवलास की कागदोपत्री कंपनीने कुणाला काढलेलंच नसतं, तूच सोडून गेलेला असतोस. नुकसानभरपाईचा प्रश्नच मिटला!

वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला (कायदा 240 दिवस धरतो) कमी करायचं तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा पगार द्यावा लागतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये पुनर्कौशल्य निधीतून (कमी केलेल्यांना नवं काम शिकता यावं म्हणून असलेल्या) आणखी 15 दिवसांच्या पगाराची तरतूद आहे. आणि राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवा. 'तू इंजिनिअर, कामगार कसला?' असं ऐकवतील. ते हुद्द्यावरून नाही, प्रत्यक्ष कामावरून ठरतं, आणि व्याख्येत तांत्रिक काम स्पष्ट लिहिलेलं आहे. वाद घालतील, घालू देत.

आजच नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, अप्रेझलचे मेल स्वतःजवळ घे. क्लायंटच्या फायलींना मात्र हात लावू नकोस, नाहीतर त्यांना आयतं कारण मिळेल. मग एचआरला दोन ओळींचा मेल टाक : 'शुक्रवारच्या बैठकीत मला राजीनामा द्यायला सांगितलं. माझी तशी इच्छा नाही. कंपनीचा निर्णय लेखी कळवावा.' तोंडी बोलणारे लेखी द्यायची वेळ आली की बरेच मवाळ होतात. तरीही दबाव आला तर पुण्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज दे.

हे सगळं करून नोकरी टिकेलच असं नाही, म्हणून दुसरीकडे अर्ज आतापासूनच सुरू कर. आणि घरी आज रात्रीच फोन कर. दोन महिन्यांचं भाडं कुठून द्यायचं, हे एकट्याने ठरवायची गोष्ट नाही.