कृत्रिम दाताभोवती रक्त का येते?

प्रश्न : माझे वय ६२ आहे. खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांट बसवून वर्ष झाले. दुखत काहीच नाही, मात्र ब्रश करताना तिथून थोडे रक्त येते. कृत्रिम दाताला कीड लागत नाही, मग दुर्लक्ष केले तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू; त्याला कीड लागत नाही हे खरे, पण भोवतीची हिरडी आणि हाड तुमचेच आहे; तिथे जंतूंचा थर साचला की हिरडी सुजते, रक्त येते आणि उपचार न झाल्यास आतले हाड झिजत जाऊन घट्ट बसलेला इम्प्लांटही हलू लागतो. हे सारे बहुधा न दुखता घडत असल्यामुळे दुखण्याची वाट न पाहता दंतवैद्यांना दाखवावे आणि एक्स-रे काढून हाडाची पातळी पाहून घ्यावी. घरी मऊ ब्रशने दिवसातून दोनदा, आणि रात्री फटींसाठी मिळणाऱ्या, प्लॅस्टिकचे आवरण असलेल्या तारेच्या बारीक ब्रशने, स्क्रूवर बसवलेल्या कॅपची (म्हणजे वर दिसणाऱ्या कृत्रिम दाताची) हिरडीलगतची कड, विशेषतः जिभेकडची, साफ करावी. रक्त येते म्हणून तिथे ब्रश न फिरवल्यास सूज वाढतच जाते. तंबाखू आणि मिश्री (तिने दात स्वच्छ होतात हा समज काही केल्या जात नाही) पूर्ण बंद करावी, तसेच मधुमेह असल्यास साखर आटोक्यात ठेवावी.