श्वासमार्गाचा दाह : केवळ इंटरल्यूकिन-५ मोजून भागेल का?

सांगलीच्या हळदीचा अर्क देऊन, ओव्हाल्ब्युमिनने (अंड्याच्या पांढऱ्यातील प्रथिनाने) दमा घडवलेल्या उंदरांच्या फुफ्फुसात इंटरल्यूकिन-५ हे पेशींमधील संदेशवाहक प्रथिन कमी झाल्याचे दिसले, तर अर्क दम्यावर गुणकारी आहे असे प्रबंधात लिहिता येईल का, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते तेवढ्यावर तसे लिहिता येणार नाही.

इंटरल्यूकिन-५ चे मुख्य काम इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशी घडवणे, जगवणे आणि अस्थिमज्जेतून रक्तात आणणे हे आहे. १९९६ साली हा रेणू नसलेल्या सी५७ब्लॅक/६ जातीच्या उंदरांत इओसिनोफिल तर जमले नाहीतच, शिवाय श्वासनलिकेची अतिसंवेदनशीलताही (थोड्या उत्तेजनानेही नलिका आकुंचन पावणे) दिसली नाही. त्यावरून हा रेणू रोखला की दमा आटोक्यात येईल, अशी आशा वाटणे स्वाभाविक होते. परंतु त्याच सुमारास बाल्ब/सी जातीच्या उंदरांत इंटरल्यूकिन-५ रोखूनही अतिसंवेदनशीलता टिकून राहिल्याचे आढळले. पुढे २००० साली सौम्य दमा असलेल्या रुग्णांना त्याविरुद्धचे प्रतिपिंड दिले, तेव्हा रक्तातील आणि थुंकीतील इओसिनोफिल घटले, पण नलिकांचे आकुंचन होते तसेच राहिले. २००९ मध्ये ज्यांच्या थुंकीत इओसिनोफिल कायम वाढलेले होते अशाच रुग्णांची निवड केल्यावर दम्याचे तीव्र झटके कमी झाले, आणि मेपोलिझुमॅब या इंटरल्यूकिन-५ विरुद्धच्या प्रतिपिंडाला २०१५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. म्हणजे रेणूची निवड चुकली नव्हती. तो कोणत्या रुग्णात आणि रोगाच्या कोणत्या लक्षणाला कारणीभूत आहे, हा प्रश्न आधी नीट विचारला गेला नव्हता, असे मला वाटते.

म्हणून इंटरल्यूकिन-१३ हा त्याच कुळातील दुसरा रेणू मोजमापातून वगळू नका. १९९८ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की उंदराच्या श्वासमार्गात केवळ हा रेणू सोडला तरी अतिसंवेदनशीलता आणि श्लेष्मा वाढतो, आणि तो रोखला की दोन्ही उतरतात. तो श्वासमार्गाच्या अस्तरावर आणि गुळगुळीत स्नायूंवर थेट परिणाम करतो. इंटरल्यूकिन-४ आणि १३ यांच्या ग्राहकांत (ते पेशीवर ज्यांना चिकटतात त्या रेणूंत) एक घटक समान असतो. डुपिलुमॅब हे प्रतिपिंड-औषध त्यालाच अडवते.

प्रत्यक्ष कामात फुफ्फुस धुतलेल्या द्रवातील पेशींचा स्मिअर रंगवून, लालसर-केशरी कणांनी भरलेल्या इओसिनोफिल पेशी न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशींपासून वेगळ्या मोजा. फुफ्फुसाच्या छेदावर पीएएस हा श्लेष्मा दाखवणारा रंग दिला की श्लेष्मा भरलेल्या गॉब्लेट पेशी गडद किरमिजी दिसतात. त्या पाहिल्याशिवाय इंटरल्यूकिन-१३ च्या आकड्याला अर्थ लावू नये. शक्य असल्यास मेथाकोलिन (श्वासनलिका आकुंचित करणारे रसायन) देऊन श्वासमार्गातून हवा जाण्यास होणारा रोधही मोजा. तुमच्या महाविद्यालयात ते उपकरण नसेल, तर कोल्हापूर-पुण्याकडे चौकशी करावी.

अर्क केव्हा देणार, हेही महत्त्वाचे आहे. संवेदीकरणाच्या (उंदरांना ओव्हाल्ब्युमिनची ॲलर्जी घडवण्याच्या) आधीपासून दिल्यास तुम्ही फक्त प्रतिबंध तपासता, तर रुग्ण मात्र दाह सुरू झाल्यावर येतो. म्हणून दाह प्रस्थापित झाल्यानंतर अर्क देण्याचा वेगळा गट ठेवावा. हळदीतील कर्क्युमिन तोंडावाटे फार कमी शोषले जाते, त्यामुळे ते कोणत्या माध्यमातून देणार हे स्पष्ट लिहा, आणि नुसते ते माध्यम दिलेला नियंत्रण गटही ठेवा. डेक्सामेथासोन या दाह कमी करणाऱ्या स्टेरॉइडचा तुलना गट तर हवाच. प्राणी नैतिकता समितीपुढील अर्जात उंदरांची जात आणि प्रत्येक गटातील संख्या कारणांसह लिहावी लागेल, तेव्हा बाल्ब/सी घ्यायचे की सी५७ब्लॅक/६, हा निर्णय अर्जापूर्वीच मार्गदर्शकांशी बोलून पक्का करा.