कायद्याचा सल्ला: जन्मठेप झाली, आता पुढे?

प्रश्न : धाकट्या भावाला खोट्या खटल्यात जन्मठेप झाली. वकिलाला द्यायला पैसे उरले नाहीत. सगळं संपलं का?

उत्तर : नाही ताई! उच्च न्यायालयात अपिलाची मुदत 60 दिवस. उलटली तरी विलंबमाफीचा अर्ज करता येतो. कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा.

साक्षीदारांचे अगदी पहिले जबाब वकिलांना बारकाईने तपासायला सांगा. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशी ठोठावली होती. जखमी साक्षीदार महिलेने पोलिसांकडच्या फोटोंतून वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं, आणि ते दडवलं गेलं! 2019 मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी 5 लाख भरपाई द्यायला लावली. अटकेपासून गेलेल्या सोळा वर्षांचं मोल एवढंच? मला ते आजही सलतं.

निकालाची प्रत भावाला मोफत मिळते. ती आधी मागवून घ्या.